टपावर कनू, मागे कॅम्पर : खारघरहून कोलाडला निघताना

गाडीच्या टपावर कनू (वल्ह्याने चालवायची लांब निमुळती होडी) बांधणं काही फार अवघड नाही, मागे छोटा कॅम्पर (आत झोपायची सोय असलेला ट्रेलर) ओढणंही सवयीने जमतं, पण दोन्ही एकाच गाडीला केलं की सगळा घोळ एकाच जागी होतो, कनूचं शेपूट आणि कॅम्परची पुढची भिंत यांच्यामध्ये. बाकी काही राहिलं तर वाटेत निस्तरता येतं, हे अंतर मात्र निघायच्या आधीच मोजायचं.

आधी लांबीचा हिशोब. 16 फुटी कनू म्हणजे जवळपास 4.88 मीटर, इनोव्हा क्रिस्टा 4.73 च्या आसपास आणि अर्टिगा साधारण 4.4, त्यात कनू ज्यांच्यावर टेकते ते आडवे बार टपाच्या मागच्या बाजूला सरकलेले असतात त्यामुळे कनू बरोबर मध्ये ठेवली तरी मागेच जास्त लोंबते. म्हणून ती मुद्दाम पुढे सरकवून बांधा, पण इतकीही नाही की समोरचं दिसेनासं होईल. नवीन घेत असाल तर सरळ 14 फुटी घ्या, 4.27 मीटर, तेवढी अर्टिगावरही मावते. आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात परवानगीपेक्षा जास्त बाहेर आलेल्या मालाला थेट 20,000 दंड आहे, तेव्हा नुसतं लाल फडकं बांधलं की झालं असं समजू नका.

दुसरं म्हणजे रूफ रेल, टपाच्या दोन्ही कडांच्या लांब पट्ट्या ज्यांच्यावर हे बार बसतात. आपल्याकडच्या बऱ्याच गाड्यांवरच्या रेल निव्वळ शोसाठी असतात, वजन घ्यायला नाही, मॅन्युअल उघडून बघा. खऱ्या असतील तर तिथे किलोत लिमिट दिलेलं असतं, बऱ्याच गाड्यांना 50 ते 75, आणि त्यात बारचं वजनही धरायचं. कनू 30-35 किलोची म्हणजे तशी बसते, पण वर अजून तंबू आणि गाद्या चढवायचा मोह आवरा, त्या कॅम्परमध्ये टाका ना, तो कशाला आणलाय मग!

बांधताना कनू पालथी. दोन्ही काठ बारवर टेकले पाहिजेत, बारवर रबर नाहीतर जुन्या योगा मॅटचे तुकडे. पोटावरून दोन पट्टे, कॅम बकलवाले, हाताने ओढून घट्ट होणारे. ट्रकवाल्यांचा रॅचेट नको, तो जोशात दोन खटके जास्त मारला की कनूच चेपते. पट्टा पॉलिएस्टरचा बघून घ्या कारण नायलॉन भिजला की ताणतो आणि इथे जून ते सप्टेंबर भिजणारच. पट्ट्याला मध्ये एक पीळ द्या म्हणजे वाऱ्याने तो भुंग्यासारखा गुणगुणत बसत नाही. मग पुढच्या टोकापासून बॉनेटच्या दोन्ही बाजूंना दोऱ्या, उलट्या व्ही सारख्या, कारण वारा पुढच्या टोकाखाली शिरून कनू उचलायला बघतो. मागच्या दोऱ्या मात्र हिच बॉलला (कॅम्पर अडकवायचा गाडीमागचा गोळा) किंवा सेफ्टी चेनला बांधू नका, वळणावर हा जोड फिरतो आणि दोरी त्यात सापडते, बंपरखालच्या टो-हुकला दोन बाजूंना बांधा. बंजी कॉर्डवर (ताणणारा रबरी दोर) तर काहीच सोडू नका.

आता मुख्य टेस्ट. रविवारी सकाळी सेक्टरमधला एखादा मोकळा रस्ता किंवा प्लॉट बघा, एकाला बाहेर उभं करा, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे मग पूर्ण उजवीकडे तोडून हळूहळू रिव्हर्स घ्या. कॅम्परचा कोपरा शेपटाजवळ येतो तो इथेच. नंतर चढावर. फ्लायओव्हर सुरू होतो तिथे किंवा सोसायटीच्या रॅम्पवर गाडी नाक वर करते आणि कॅम्पर अजून सपाटीवरच असतो, तेव्हा शेपूट खाली झुकतं आणि मागे जातं. तिथे एक वीत तरी जागा उरली पाहिजे, कमी पडली तर कनू अजून पुढे घ्या. पॉप-अप टपाचा, म्हणजे थांबल्यावर छप्पर वर उचलायचा बुटका कॅम्पर असेल तर ही डोकेदुखी बरीच कमी होते, माझं मत विचाराल तर उंच डब्याच्या मागे लागूच नका.

हिचचं थोडक्यात : बॉल 50 मिमीचा आणि त्यावर बसणारा कॅम्परचा कपलर दोन इंचाचा (50.8 मिमी) असली सरमिसळ करू नका, चेन खालून क्रॉस करून लावा, कॅम्परमधलं जड सामान ॲक्सलच्या जरा पुढे ठेवा. मागे वजन झालं की तो शेपूट हलवायला लागतो. तसं झालंच तर जोरात ब्रेक नको, ॲक्सिलरेटर सोडा आणि स्टिअरिंग सरळ धरा. कॅम्परची स्वतःची आरसी आणि नंबर प्लेट लागते हेही लक्षात ठेवा.

कनू गेटबाहेरच चढवा, पोडियमच्या बीमला आणि स्प्रिंकलरच्या पाइपला ती हमखास लागणार. जमिनीपासून कनूच्या माथ्यापर्यंतची उंची मोजून डॅशबोर्डवर चिकटवा, हाइट बॅरिअर समोर आला की आठवत बसायला लागत नाही. जेवणाचा डबा मागच्या सीटवर, कारण डिकी उघडणार नाही.

पळस्पे फाट्याला पहिला थांबा घ्या आणि प्रत्येक पट्टा हाताने ओढून बघा, पहिल्या काही किलोमीटरमध्येच ते सैल पडतात. पुढे गोवा हायवेला 60 च्या आसपास चला, खड्डे आणि बाजूने सुसाट जाणारे कंटेनर बघता तेवढंच पुरे, वडखळला परत एकदा चेक. कोलाडला पोचलात की कॅम्पर जागेवर लावायच्या आधी कनू खाली उतरवा, नदीकाठच्या खडबडीत उतारावर रिव्हर्स मारताना ती वर कशाला हवी.