ड्रोन उडवण्याआधी पायी फिरा

आदिवासी वस्तीच्या परिसरातल्या जुन्या खुणांचा नकाशा करताना, ड्रोन पेटीतून काढण्याआधी मी वस्तीतल्या जाणत्यांसोबत सगळा परिसर पायी फिरते. कुठे उडवायचं नाही ते तेच दाखवतात. तेवढा भाग आराखड्यातून वगळायचा, कारण विचारत बसायचं नाही. आदिवासींच्या हक्कांवरच्या संयुक्त राष्ट्रांच्या २००७च्या जाहीरनाम्यातलं ३१वं कलम वारशावरचा त्यांचा हक्क मान्य करतं.

उडवणं त्यामानाने सोपं. फोटो जोडूनच नकाशा होतो, म्हणून लागोपाठचे फोटो एकमेकांवर ८० टक्के, शेजारच्या रांगा ७० टक्के चढू द्या. नकाशासाठी ढगाळ दिवस बरा. बुजलेले बांध शोधायचे तर मात्र सकाळचं तिरपं ऊन, सावल्या उंचवटे दाखवतात.

मग नकाशा मोठा छापून जमिनीवर अंथरा, पेन त्यांच्या हाती द्या. मी ‘मोकळी जागा’ लिहिलेलं एका आजींनी खोडलं आणि तिथे नाचाचं रिंगण काढलं. मूळ फायली वस्तीकडेच ठेवा.