उंच रायडरने टीटी बाइकचं माप निवडताना या चुका टाळा

सहा फूट दोन इंच उंचीचा माणूस टाइम ट्रायल (टीटी) बाइक, म्हणजे एकट्याने घड्याळाशी शर्यत लावायची बाइक, घ्यायला निघाला की त्याला दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, ‘दादा, एल चालून जाईल.’ आणि दुसरं, ‘टीटीमध्ये एक साइझ लहानच घ्यायची असते.’ पहिल्यामागचं कारण साधं आहे. दुकानात एम आणि एल असतात, एक्सएल मागवावी लागते. दुसरं वाक्य मात्र सल्ल्याच्या रूपात येतं, म्हणून जास्त नुकसान करतं. आमच्या नाशकात पहाटे त्र्यंबक रोडला किंवा गंगापूर धरणाच्या बाजूला एरोबारवर (कोपरं पॅडवर टेकवून धरायच्या पुढच्या दांड्यांवर) वाकून जाणाऱ्यांमध्ये मान धरलेले, खांदे भरून आलेले उंच रायडर नेहमी भेटतात. त्यांना ‘स्ट्रेचिंग करा, सवय होईल’ असं सांगितलं जातं. बऱ्याचदा सवयीचा प्रश्नच नसतो. फ्रेमच चुकलेली असते, आणि ते शरीराने निस्तरावं अशी अपेक्षा असते.

उंची सांगून माप विचारणं

कंपनीच्या तक्त्यात उंचीसमोर साइझ लिहिलेली असते. मध्यम उंचीच्या माणसाचं त्यावर भागतं. उंच माणसाचं भागत नाही, कारण ही उंची पायात आहे की धडात, हे तक्त्याला कळत नाही.

आधी पायाचं माप घ्या. अनवाणी भिंतीला टेकून उभं राहा, एक जाड पुस्तक दोन पायांमध्ये सीटवर बसल्यासारखं घट्ट वर दाबा आणि पुस्तकाच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. दुसऱ्या कुणाकडून मोजून घेतलं तर उत्तम. या मापाला ०.८८३ ने गुणलं की बॉटम ब्रॅकेटच्या (पेडल ज्या आसाभोवती फिरतात त्या जागेच्या) मध्यापासून सीटच्या वरच्या पृष्ठभागापर्यंतची अंदाजे उंची मिळते. आता १८८ सेंटिमीटर उंचीचे दोघे जण घ्या. एकाचा पाय ९० सेंटिमीटर, दुसऱ्याचा ८५. पहिल्याची सीट ७९.५ वर, दुसऱ्याची ७५ वर. तक्ता दोघांना एकच साइझ देईल, पण लांब पायांच्या माणसाला पुढचा भाग बराच उंच लागेल, आणि लांब धडाच्या माणसाला पुढे जास्त लांबी लागेल.

रोड बाइकचा आकडा टीटीला लावणं

‘माझी रोड बाइक ५८ साइझची आहे, मग टीटीही ५८’ हा हिशेब बरोबर येईलच असं नाही. रोड बाइकच्या सीट ट्यूबचा (सीटखालच्या नळीचा) कोन साधारण ७२ ते ७४ अंश असतो, टीटीवर सीटची जागा ७६ ते ८० अंशांवर जाते. धड पुढे वाकवायचं, पण मांडी आणि पोट यांच्यातला कोन मिटू द्यायचा नाही, म्हणून सगळं शरीर बॉटम ब्रॅकेटभोवती पुढे फिरवलेलं असतं. त्यामुळे वजन हातांच्या पंजांवर न राहता कोपरांवर येतं. इथे फ्रेम निवडायची ती कोपरं कुठे टेकणार यावरून.

त्यासाठी दोन आकडे पुरतात. बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून कोपराच्या पॅडपर्यंत सरळ वर किती, आणि सरळ पुढे किती. फिटरकडे (बाइक शरीराला जुळवून देणाऱ्याकडे) ट्रेनरवर, म्हणजे बाइक जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर, बसून हे दोन आकडे काढून घ्या आणि मगच बाइक शोधायला लागा. चांगल्या कंपन्या प्रत्येक साइझमध्ये पॅड कुठून कुठपर्यंत हलवता येतो ते छापतात. तुमचा आकडा त्या पट्ट्याच्या मधोमध पडला पाहिजे, टोकाला नाही. टोकावरची बाइक आज बसते, पण सहा महिन्यांनी कंबर मोकळी झाली किंवा उलट पाठ दुखायला लागली की हलवायला जागाच उरत नाही.

तक्ते वाचताना दोन गोष्टी बघा. काही कंपन्या पॅडच्या मागच्या कडेपासून मोजतात, काही मध्यापासून. या फरकाने काही सेंटिमीटरची गफलत होते. दुसरं, हेड ट्यूब (फ्रेमची पुढची नळी) तिरकी असते, त्यामुळे स्टेमखाली (हँडल धरणाऱ्या तुकड्याखाली) स्पेसर, म्हणजे उंची वाढवणाऱ्या चकत्या, घातले की हँडल वर जातं तसं मागेही येतं, दर १० मिलिमीटरला साधारण ३ मिलिमीटर. म्हणजे ४० मिलिमीटरचे स्पेसर घातले की उंच माणसाला हवी असलेली सव्वा सेंटिमीटर लांबी गेलीच.

लहान फ्रेम घेऊन वर स्पेसर रचणं

माझ्या मते उंच रायडरची सगळ्यात महागडी चूक हीच, आणि ती कागदावर दिसत नाही. समजा एका फ्रेमचा स्टॅक (बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबच्या वरच्या टोकापर्यंतची उंची) ५४० मिलिमीटर आहे आणि मोठ्या साइझचा ५८०. दुकानदार म्हणतो, पॅडखाली ४० मिलिमीटरचे ठोकळे घालू, झालं समान. पॅडची जागा खरंच समान होते. पण ते ठोकळे फक्त पॅड आणि एक्स्टेन्शन (हातात धरायचे पुढचे दांडे) वर उचलतात. ब्रेक ज्या बेसबारवर (दोन्ही बाजूंना जाणाऱ्या मुख्य हँडलवर) आहेत तो जिथल्या तिथे, खालीच राहतो.

सपाट, बंद रस्त्यावरच्या शर्यतीत बेसबारला हात फार कमी लागतो. आपल्याकडे तसं नाही. गंगापूर नाक्यापासून शहराबाहेर पडेपर्यंत, दिंडोरी रोडला द्राक्षांच्या हंगामात ट्रॅक्टर आणि पिकअप समोर असताना, प्रत्येक गतिरोधकाला, प्रत्येक गावाच्या फाट्यावर तुम्ही बेसबारवर असता. तो चार सेंटिमीटर खाली असेल तर जिथे डोकं वर ठेवून बघायची गरज सगळ्यात जास्त, तिथेच तुम्ही सगळ्यात खाली वाकलेले असता. मग लोक काय करतात? बेसबारवर जायचा कंटाळा करतात आणि गर्दीतही एरोबार सोडत नाहीत. हे सरळ धोक्याचं आहे.

शिवाय लहान फ्रेममध्ये बॉटम ब्रॅकेटपासून पुढच्या चाकाच्या आसापर्यंतचं अंतर कमी असतं. उंच माणूस कोपरं हवी तितकी पुढे नेतो, लांब स्टेम लावतो, आणि वजन पुढच्या चाकावर नको तितकं झुकतं. हँडल चंचल होतं, उतारावर ब्रेक मारताना मागचं चाक हलकं वाटतं. इगतपुरीच्या बाजूला वारा आडवा लागला आणि पुढच्या चाकाला डीप (उंच कडेचं) रिम असलं की हे चांगलंच कळतं.

तिसरी अडचण सीटपोस्टची. एरो आकाराची पोस्ट ठरावीक लांबीची असते. तिच्यावर किमान किती भाग आत राहिला पाहिजे याची खूण असते. ती खूण बाहेर दिसेपर्यंत पोस्ट ओढली की कार्बन फ्रेमला तडा जाण्याची शक्यता असते. ९० सेंटिमीटर पायाच्या माणसाने बाकी सगळं बघण्याआधी ही लांबी विचारावी.

व्यावसायिकांच्या फोटोंवरून पोझिशन ठरवणं

उंच व्यावसायिक रायडर लहानशा बाइकवर अंग आखडून बसलेले जुन्या फोटोंत दिसतात. ती त्यांची निवड नव्हती, नियमांची सक्ती होती. यूसीआयच्या (आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेच्या) नियमात बॉटम ब्रॅकेटपासून एक्स्टेन्शनच्या टोकापर्यंतच्या अंतरावर मर्यादा आहे. २०२३ पासून ही मर्यादा उंचीनुसार तीन गटांत आहे: १८० सेंटिमीटरखालच्यांना ८० सेंटिमीटर, १८० ते १८९.९ उंचीच्यांना ८३, आणि १९० व त्यापुढच्यांना ८५. पॅड आणि एक्स्टेन्शनच्या टोकाच्या उंचीतला फरकही अनुक्रमे १०, १२ आणि १४ सेंटिमीटरपर्यंत चालतो. उंच माणसाला जास्त लांबी लागते, हे नियम करणाऱ्यांनीही मान्य केलंय. तुम्ही गोव्याच्या ७०.३ ट्रायथलॉनसाठी (पोहणं, ९० किलोमीटर सायकल आणि धावणं) बाइक घेत असाल, तर यूसीआयच्या चौकटीत स्वतःला कोंबायचं काहीच कारण नाही.

आणि खाली वाकलं म्हणजे वेगवान, हेही अर्धंच खरं. ९० किलोमीटरपैकी शेवटचे ३० तुम्ही पॅडवर राहू शकत नसाल, तर त्या खोल पोझिशनचा उपयोग नाही. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन यांनी २०१५ साली दोघांच्या संघात ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही सायकल शर्यत पूर्ण केली, ती सुमारे ४,८०० किलोमीटरची. त्यांच्या नाशकात टिकणाऱ्या पोझिशनचं मोल वेगळं सांगायला नको.

घाबरून गरजेपेक्षा मोठी घेणं

ही चूक कमी होते, पण होते. लांब पाय आणि आखूड धड असलेल्यांनी फक्त उंची बघून एक्सएल घेतली की पॅड फार पुढे जातात. स्टेम सगळ्यात आखूड, पॅड सगळ्यात मागे, तरीही हात ताणलेलेच. अशांनी स्टॅक जास्त आणि रीच (फ्रेमची पुढची लांबी) तुलनेने कमी असलेलं मॉडेल शोधावं. दोन कंपन्यांच्या ‘एल’मध्ये असा फरक असतो.

क्रँक बाइकबरोबर आला तसाच ठेवणं

मोठ्या फ्रेमबरोबर १७५ मिलिमीटरचा क्रँक (पेडलचा दांडा) येण्याची पद्धत आहे. लांब पाय म्हणजे लांब क्रँक, हे टीटीवर डोळे मिटून मानू नका. १७५ वरून १६५ वर आलात की सीट १० मिलिमीटर वर घ्यावी लागते, आणि पेडल सगळ्यात वर असताना सीट आणि पेडल यांच्यात २० मिलिमीटर जास्त जागा मिळते. गुडघा छातीकडे कमी येतो, पोटावर दाब कमी पडतो, श्वास मोकळा होतो. सीट वर गेली की पॅडही तितकेच वर घ्यायला विसरू नका, नाहीतर नकळत पोझिशन आणखी खाली जाते.

बाइक आधीच घेतली असेल तर

ट्रेनरवर बसा, बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदला.

सतत सीटच्या टोकाकडे घसरत असाल, तर शरीर आपली जागा स्वतः शोधतंय. सीट पुढे घ्या, मग गरज वाटली तर पॅड. दंड आणि खांदे भरून येत असतील तर कोपरं खांद्यांच्या फार पुढे आहेत. दंड आणि धड यांच्यात काटकोन किंवा थोडा जास्त कोन हवा, म्हणजे भार हाडांवर जातो. मान दुखत असेल तर पॅड १० मिलिमीटर वर घेऊन आठवडाभर चालवून बघा. सीटवर जांघेत बधिरपणा येत असेल तर सीटचं टोक एक-दोन अंश खाली करा. तरीही राहिला तर दुभंगलेल्या नाकाची सीट लावा आणि तो बधिरपणा अंगावर काढू नका. गुडघा पुढून दुखला तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखला तर वर.

गुडघे कोपरांना घासत असतील आणि पॅड, स्टेम सगळं शेवटच्या छिद्रापर्यंत पुढे नेऊनही घासत असतील, तर फ्रेम लहान आहे. तिथे आणखी पैसे सुट्या भागांवर घालू नका.

जुनी बाइक घेताना माप न घेणं

पुण्या-मुंबईहून वापरलेली टीटी बाइक आणायची असेल, तर फोटोंबरोबर टेप लावून काढलेली मापंही मागा: बॉटम ब्रॅकेटपासून सीटपर्यंत, आणि बॉटम ब्रॅकेटपासून पॅडपर्यंत वर आणि पुढे. मग दोन गोष्टी स्पष्ट विचारा. फोर्कचा स्टिअरर (हेड ट्यूबमधून वर येणारी नळी) कापलाय का, आणि सीटपोस्ट कापलीय का? आधीचा मालक पाच फूट आठ इंचाचा असेल तर दोन्ही कापलेलं असण्याची शक्यता बरीच असते. स्टिअरर आखूड झाला की स्टेम वर नेता येत नाही, फोर्कच बदलावा लागतो. पोस्टचं त्याहून बिकट. एरो पोस्ट त्याच मॉडेलची लागते, दुसऱ्या बाइकची बसत नाही. म्हणून व्यवहार ठरवण्याआधी त्या वर्षाच्या त्या मॉडेलची पूर्ण लांबीची पोस्ट अजून मिळते का ते कंपनीच्या विक्रेत्याला विचारा. मिळत नसेल तर बाइक कितीही स्वस्त असली तरी सोडून द्या.