डोळ्यातला मेलानोमा लिव्हरमध्ये पसरला, तर घरी काय बघायचं

डोळ्याच्या आत लसिकावाहिन्या (लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्या) नसतात, म्हणून युव्हिअल मेलानोमा, म्हणजे डोळ्याच्या आतला हा कॅन्सर, रक्तातून पसरतो. साधारण निम्म्या रुग्णांत तो पसरतो, आणि त्यांतल्या दहापैकी नऊ जणांत लिव्हरमध्ये, कधी कधी डोळ्याच्या उपचारानंतर दहा-पंधरा वर्षांनीही. गाठी असूनही रक्ताचे रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतात. धोका जास्त असेल त्यांनी दर सहा महिन्यांनी लिव्हरचा एमआरआय किंवा सोनोग्राफी चुकवू नये.

लिव्हर निकामी होऊ लागलं की सगळ्यांची नजर डोळ्यांच्या पिवळेपणाकडे जाते. त्याहून महत्त्वाचा मेंदूवरचा परिणाम. रोज सकाळी एकाच वहीत सही करायला लावा. अक्षर बिघडलं, रात्री जागरण आणि दिवसा गुंगी सुरू झाली, की सावध व्हा. दोन्ही हात पुढे करून मनगटं वर उचलायला सांगा. पंजे मधूनमधून झटक्याने खाली पडत असतील, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

मेंदूवरचा हा परिणाम कमी करायला लॅक्टुलोज हे शौच साफ करणारं पातळ औषध बहुधा 15 ते 30 मिली, दिवसातून दोन-तीनदा देतात. दिवसाला दोन-तीनदा मऊ शौच, हे त्याचं माप. गोड लागतं, गॅस होतो म्हणून लोक ते बंद करतात आणि बद्धकोष्ठाने भ्रम वाढतो. दुखण्यावरचं मॉर्फिन चालू असेल तर बद्धकोष्ठ हमखास होतं. उलट, पाण्यासारखे जुलाब झाले तर अंगातलं पाणी कमी होऊन भ्रम पुन्हा वाढतो. तेव्हा डॉक्टरांना विचारून डोस कमी करा.

आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक नको. किडनी बिघडते, रक्तस्राव होतो. पॅरासिटामॉल 24 तासांत 2 ग्रॅमच्या वर नाही, म्हणजे 500 च्या चारच गोळ्या, सर्दीच्या गोळीतलंही त्यात मोजा. मनाने झोपेची गोळी देऊ नका.

वरण, अंडं, पनीर तोडू नका. प्रथिनं बंद करण्याचा जुना सल्ला स्नायू झिजवतो. झोपताना थोडं खायला द्या. पोटात पाणी झालं असेल तर लोणचं-पापड बंद, वजन रोज.

रक्ताची उलटी, डांबरासारखं शौच, पोटात पाणी असताना ताप: थेट हॉस्पिटल.

रुग्ण गुंगीत असेल तर तोंडाने काहीही पाजू नका, फुप्फुसात जातं. लॅक्टुलोजचा एनिमा आणि त्वचेखालून देण्याची वेदनाशामकं असतात. पॅलिएटिव्ह टीमकडून (त्रास कमी करण्यासाठी काळजी घेणारे डॉक्टर-नर्स) ती कशी द्यायची हे रुग्ण शुद्धीत असतानाच शिकून घ्या, आणि शेवटच्या दिवसांत कुठे राहायचंय हेही त्याच्याच तोंडून ऐका.