अक्षर उचकटू नका, गोंद कापा

अंबडला गॅरेजात शिकायला लागलो त्याच महिन्यात मी एका पांढऱ्या गाडीच्या डिकीवर दोन बोटं लांब चरा पाडला. मालकाला मागचं व्हेरिएंटचं नाव नको होतं. डिसेंबरातली सकाळ. मी अक्षराखाली पत्र्याची पट्टी घालून जोर लावला. अक्षर तुटलं, पट्टी घसरली. उस्ताद ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "अक्षराशी कशाला भांडतोस? गोंद काप." पैसे मात्र माझ्या पगारातून गेले.

मोनोग्राम, म्हणजे गाडीवरचं असं नाव किंवा चिन्ह, बहुतेक वेळा फोमच्या डबल टेपवर चिकटलेला असतो. नाशिकच्या थंडीत तो टेप कडक होतो, म्हणून आधी ऊब. नवख्याने हीट गनच्या वाटेला जाऊ नये, केस वाळवायचा ड्रायर पुरे. तोही सतत हलता ठेवायचा. पत्रा चहाच्या ग्लासाइतका तापला, म्हणजे हात जेमतेम टेकवता येतोय, की थांबायचं. मग मासे धरायची तंगूस दोन्ही हातांच्या बोटांना गुंडाळून (हातमोजे घाला, बोटं कापतात) अक्षरामागून करवतीसारखी मागेपुढे ओढायची. दात साफ करायचा फ्लॉसही चालतो, पण मोठ्या मोनोग्रामवर तो पटापट तुटतो.

त्याआधी गाडी धुतलेली हवी. तंगुशीखाली धूळ राहिली तर तुम्ही पॉलिश पेपरच फिरवताय असं समजा. रंगावरचा क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर, साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, केसाहूनही पातळ असतो.

हात लावण्याआधी दोन गोष्टी बघून घ्या. काही मोनोग्रामना मागे पिना असतात, त्या पत्र्यातल्या भोकांत बसतात. असा मोनोग्राम काढला की भोकं उघडी पडणार, पाणी जाणार, गंज येणार. डिकीचं आतलं कव्हर काढून तपासा. दुसरं, पॅनल रिपेंट, म्हणजे पुन्हा रंगवलेलं, आहे का. रबराच्या कडेला रंगाचा फवारा दिसला, शेड जराशी वेगळी वाटली, तर सावध व्हा. कच्चा रंग टेपबरोबर सोलून येतो. अशी गाडी मी सरळ परत पाठवतो, गिऱ्हाईक रुसलं तरी.

उरलेला टेप पुन्हा ऊब देऊन अंगठ्याने वळ्या करत काढायचा. कंटाळवाणं काम आहे, अंगठा दुखतो. शेवटचा चिकटपणा टेप-गोंद काढायच्या लिक्विडने पुसायचा, आधी कोपऱ्यात लावून बघून. थिनर नको. रिपेंटवर तर अजिबात नको.

एवढं करूनही जुन्या गाडीवर अक्षरांची सावली उरते. झाकलेल्या रंगाने ऊन खाल्लेलं नसतं, आजूबाजूचा उतरलेला असतो. पॉलिशने फरक कमी होतो, दरवेळी जात नाही. हे गिऱ्हाइकाला आधीच सांगा. पंचवटीतल्या एका काकांना मी नंतर सांगितलं, तर त्यांनी मला तोच मोनोग्राम पुन्हा चिकटवायला लावला.