'ॲम्प्युटेशन' हा शब्द कागदावर कसा वाचावा, मराठीत कसा सांगावा

रुग्णालयाच्या कागदावर 'ॲम्प्युटेशन' दिसला की नजर तिथेच थिजते, पण खरी माहिती त्याच्या आजूबाजूच्या शब्दांत असते. हा शब्द फक्त 'अवयवाचा भाग वेगळा झाला' एवढंच सांगतो. कुठून आणि कसा, हे पुढेमागे लिहिलेलं असतं.

मूळ लॅटिन आहे. 'अँबि' म्हणजे भोवती, 'पुतारे' म्हणजे छाटून साफ करणे. रोमन शेतकरी द्राक्षवेल छाटायला हेच क्रियापद वापरत. त्याचाच दुसरा अर्थ हिशेब साफ करणे, मोजणे. 'कंप्युटर' त्यातून आला, म्हणजे हे दोन शब्द एका घरातले! शस्त्रक्रियेच्या अर्थाने तो इंग्रजीत १७व्या शतकात रुळला. छाटणीची कल्पना आजही लागू पडते: बागायतदार आधी काडीवर किती डोळे राखायचे ते ठरवतो, तसाच सर्जन किती लांबी राखायची ते ठरवतो. गुडघ्याखाली साधारण १२ ते १५ सेंटिमीटर हाड राहिलं तर कृत्रिम पाय नीट बसतो. फारच आखूड राहिलं तर तो धरायला जागा पुरत नाही.

आपल्याकडचा 'छेद' त्याहून कितीतरी जुना. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातल्या ११६व्या सूक्तात विश्पला नावाच्या स्त्रीचा पाय पक्ष्याच्या पंखासारखा तुटल्याचं सांगताना 'अच्छेदि' हे क्रियापद येतं. अश्विनीकुमार तिला धातूची जंघा देतात. सुश्रुताच्या आठ शस्त्रकर्मांतही 'छेद्य' आहे. म्हणून लिहिताना 'अंगच्छेदन' बरा. 'विच्छेदन' म्हटलं की वाचकाला शवविच्छेदन आठवतं, रुग्णाच्या घरच्यांसमोर तो टाळावा.

कागद वाचताना आधी बाजू पाहा, डावी की उजवी, आणि संमतीपत्रावरची बाजू रुग्णाच्या शरीराशी ताडून घ्या. मग पातळी. 'बीकेए' म्हणजे गुडघ्याखालून, 'एकेए' म्हणजे गुडघ्यावरून, मांडीतून. 'ट्रान्सटिबियल' आणि 'ट्रान्सफिमोरल' ही त्यांचीच नवी नावं. 'रे' असेल तर बोट आणि त्यामागच्या तळव्यातल्या लांब हाडाचा भाग. 'डिसआर्टिक्युलेशन' म्हणजे हाड न कापता सांध्यातून वेगळं करणं. 'साइम' म्हणजे घोट्याशी. एडिंबरोच्या जेम्स साइम यांनी १८४३ मध्ये वर्णन केलेली ही पद्धत टाचेची कातडी राखते, त्यामुळे उरलेल्या टोकावर भार देता येतो. 'गिलोटिन' दिसलं तर थांबून विचारा. जंतुसंसर्ग पसरत असताना जखम उघडी ठेवून केलेला हा पहिला टप्पा असतो, जखम बंद करायला पुन्हा शस्त्रक्रिया लागते. हे आधी कळलं नाही तर घरचे दुसऱ्या वेळी हबकतात. 'ट्रॉमॅटिक' असेल तर अवयव अपघातातच तुटला, डॉक्टरांनी काढला नाही. 'स्टंप' म्हणजे उरलेला भाग.

मराठीत सांगताना मोठा घोळ 'पाय' या शब्दाने होतो. आपण पावलालाही पाय म्हणतो आणि मांडीपासूनच्या अख्ख्या अवयवालाही. 'हात'चं तेच. 'पाय काढावा लागेल' ऐकून कुणी पाऊल समजतो, कुणी अख्खा पाय. म्हणून 'पाऊल काढणार, घोट्याच्या वरचं सगळं राहील' असं, काय जाणार आणि काय राहणार दोन्ही बाजूंनी सांगा, बोटाने जागा दाखवा आणि समोरच्याला परत सांगायला लावा.

क्रियापदही जपून निवडा. 'बोट कापलं' म्हणजे बहुधा विळीची जखम. 'पाय मोडला' म्हणजे हाड मोडलं. 'तुटला' म्हणजे वेगळा झाला. डॉक्टरांनी केलं असेल तर 'काढला'. १०८ वर फोन करताना 'बोट कापलंय' म्हटलं तर साधी जखम समजली जाऊ शकते; 'बोट तुटून वेगळं झालंय' असं म्हणा. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर कापडात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बंद करा आणि ती पिशवी बर्फाच्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवल्यास पेशी गोठून मरतात आणि तो भाग पुन्हा जोडण्याची संधी जाते.

माणसाबद्दल बोलताना 'लंगडा', 'थोटा' नको. 'डावा पाय गुडघ्याखालून काढलेले रुग्ण' हे लांब वाटलं तरी अचूक आहे, आणि कृत्रिम पाय बनवणाऱ्यालाही नेमकं हेच हवं असतं.