उतारवयातील स्मृतीसाठी ताट कसे वाढावे
शिकागोच्या रश विद्यापीठातील मार्था क्लेअर मॉरिस आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडलेल्या ‘माइंड’ या मेंदूच्या आरोग्यासाठीच्या आहारपद्धतीत पालेभाज्यांवर मोठा भर असल्याने, ज्येष्ठांच्या जेवणात मेथी, पालक किंवा चाकवत आठवड्यातून किमान सहा वेळा येईल असा बेत ठरवावा; दात साथ देत नसतील तर भाजी घोटून पातळ करावी. सोबत उसळ, मूठभर अक्रोड आणि चालत असल्यास आठवड्यातून एकदा मासे ठेवावेत. लोणी, तळण, मिठाई कमी करावी. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तीन वर्षांच्या चाचणीत तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या आहारापेक्षा या आहाराचा स्पष्ट जादा लाभ दिसला नाही, म्हणून त्याला औषध समजू नये. शाकाहारी ज्येष्ठांच्या विसरभोळेपणामागे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरताही असू शकते; तिची रक्ततपासणी अवश्य करून घ्यावी.