पुणे-मुंबई सोडून नागपुरात यायचं का? ठरवण्याआधी काय तपासायचं

नागपूर तसं लहान नाही. २०११ च्या जनगणनेतच शहराची लोकसंख्या २४ लाखांच्या वर होती. पण पुण्या-मुंबईहून येणाऱ्याच्या दृष्टीने ते लहानच: अंतरं कमी, किराया कमी आणि नोकऱ्याही कमी. पहिल्या दोन गोष्टी सगळे आवडीने सांगतात, तिसरी कुणी सांगत नाही. त्यामुळे घर बघायला निघण्याआधी नोकरीचा हिशेब करा.

दुसरी नोकरी मोजा

हातात ऑफर आहे म्हणून येणं ठीक. पण ती सुटली तर याच शहरात दुसरी मिळेल का, यावर निर्णय टिकतो. नोकरीच्या दोन-तीन साइटवर ठिकाण नागपूर, स्वतःचं काम आणि अनुभवाची वर्षं टाका. गेल्या ३० दिवसांतल्या जाहिराती काढा. एकाच जागेसाठी चार एजन्सींनी टाकलेल्या जाहिराती एकच धरा, ‘भारतात कुठेही’ छापाच्या सरळ गाळा. उरलेल्यांत तुमच्या आजच्या पगाराच्या निदान ८० टक्के देतील अशा वेगवेगळ्या कंपन्या किती, ते पाहा. पाचाच्या खाली आल्या तर नोकरी गेली की शहरही सोडावं लागेल असं धरूनच पुढचं ठरवा. एवढ्यावरून येऊच नका असं नाही. मात्र अशा वेळी सहा महिन्यांचा खर्च बाजूला हवा आणि घर विकत घ्यायचं नाही.

आयटीवाल्यांसाठी मिहान, म्हणजे विमानतळालगतचं उद्योग क्षेत्र, आहे. टीसीएस, एचसीएल, इन्फोसिस तिथे आहेत, पण यादी पुण्यासारखी लांबत नाही. कारखान्यांचं काम हिंगणा आणि बुटीबोरी एमआयडीसीत. कोळसा, वकिली, वैद्यकीय आणि शिक्षण ही क्षेत्रं इथे जुनी आणि पक्की आहेत: वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय, उच्च न्यायालयाचं खंडपीठ, मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आणि आता एम्स.

जोडीदाराची नोकरी वेगळी मोजा, त्याच रीतीने. बहुतेक बेत इथेच फसतात. एकाचा पगार तोच राहतो, दुसऱ्याचा निम्म्यावर येतो किंवा थांबतो आणि किरायातली बचत त्यातच जिरते.

घरून काम करणार असाल तर एचआरकडून लेखी घ्या: नोकरीचं मूळ ठिकाण नागपूर केलं आहे का, त्याने पगार बदलतो का, ऑफिसला बोलावलं तर किती दिवसांची मुदत मिळेल. मॅनेजरचं तोंडी ‘हो’ मॅनेजर बदलला की संपतं.

केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांना सोपं आहे, आकडा आधीच दिसतो. घरभाडे भत्त्यासाठी मुंबई-पुणे एक्स वर्गात, नागपूर वाय वर्गात. जानेवारी २०२४ पासून हे दर ३० आणि २० टक्के आहेत. मूळ वेतन ६०,००० असेल तर भत्ता १८,००० वरून १२,००० होतो.

महिन्याचा खर्च नव्हे, वर्षाचा

किराया, किराणा, पेट्रोल सगळे धरतात. विसरतात ते प्रवास आणि उन्हाळा. आई-वडील किंवा सासर पश्चिम महाराष्ट्रात असेल तर वर्षाच्या किमान चार फेऱ्या धरा आणि माणसांनी गुणा. दिवाळीतल्या ट्रॅव्हल्सचं तिकीट नेहमीच्या दराने धरू नका. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं आणि सणाच्या गाड्या लगेच भरतात. ऑगस्ट २०२५ मध्ये अजनी–पुणे वंदे भारत सुरू झाली, पण तीही बारा तासांच्या आसपास घेते आणि तेवढा वेळ बसून काढावा लागतो. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्ण खुला झाला. स्वतःच्या गाडीने जाणार असाल तर पेट्रोलसोबत टोलही मांडा.

मे महिना

डिसेंबर-जानेवारीत नागपूर बघून ‘काय मस्त हवा आहे’ म्हणणाऱ्यांवर इथली माणसं हसतात. २३ मे २०१३ ला इथे ४७.९ अंशांची नोंद झाली आहे. दर वर्षी तेवढं तापत नाही, पण ४४-४५ ला कुणी बातमी मानत नाही. २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो. त्या काळात शहर दुपारी बारा ते पाच जवळजवळ बंद असतं आणि कामं सकाळी नाहीतर संध्याकाळी होतात. फिरतीची नोकरी, बांधकामावरची देखरेख, लहान मूल, हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असलेलं माणूस, यातलं काही घरात असेल तर हे आधी बोलून घ्या.

घर बघताना कुलरची सोय बघा, नाहीतर मार्चमध्ये घरमालकाशी वाद होतो. खिडकीबाहेर स्टँड लावता येतं का? जवळ प्लगचा पॉइंट आणि पाण्याचा नळ आहे का? त्या पॉइंटला अर्थिंग आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि पाणी भरताना प्लग काढण्याची सवय घरभर लावा. ओल्या पत्र्याच्या कुलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. समोरची दुसरी खिडकी उघडता आली पाहिजे. हवा बाहेर जायला वाट नसली की तासाभरात खोली दमट होते आणि माणसं कुलरला नावं ठेवतात. वाळ्याच्या किंवा गवताच्या ताट्या दर मोसमात बदलायच्या, टाकी आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामी करायची, नाहीतर डेंग्यूचे डास तिथेच होतात. मोठा कुलर कडक उन्हात तासाला सहज दहा लिटर पाणी पितो, म्हणजे पाण्याचा प्रश्नही इथेच येतो.

विजेचा हिशेब: २०० वॉटचा कुलर रोज १२ तास चालला तर महिन्याला साधारण ७२ युनिट. दीड टनाचा एसी तासाला सव्वा-दीड युनिट खातो. रोज आठ तास म्हणजे ३०० च्या पुढे. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटला बदलतात, त्यामुळे एसीमुळे वाढलेले युनिट महागड्या टप्प्यात पडतात. नुसत्या कुलरवरही भागत नाही: पाऊस आला की जूनअखेर हवा दमट होते आणि कुलर निकामी ठरतो. एका खोलीत एसी, बाकी घराला कुलर, हा मधला मार्ग.

सगळ्यात वरचा मजला स्वस्त मिळतो, कारण स्लॅब रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडतो. घ्यायचाच असेल तर गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग कोण देणार, ते करारात लिहून घ्या.

कुठल्या भागात

ऑफिस आधी, घर नंतर. मिहान असेल तर वर्धा रोड, मनीष नगर, सोमलवाडा, बेसा, बेलतरोडी. हिंगणा असेल तर त्रिमूर्ती नगर, जयताळा. मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत: खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्य नगर ते प्रजापती नगर. दोन्ही बर्डीला म्हणजे सीताबर्डीला मिळतात. मेट्रोवर भिस्त ठेवणार असाल तर स्टेशनपासून पुढचं अंतर एकदा दुपारी दोन वाजता प्रत्यक्ष कापून बघा. नकाशावरचा दीड किलोमीटर मे महिन्यात दीड राहत नाही.

पाण्यासाठी एकच प्रश्न पुरेसा: महापालिकेच्या पाण्याचं बिल दाखवा. बिल नसेल तर घर बोअरवेल किंवा टँकरवर आहे. पाण्यातले क्षार मोजणारं साधं टीडीएस मीटर सोबत ठेवा, नळाचं आणि बोअरचं पाणी वेगवेगळं मोजा. शहराच्या कडेच्या नव्या स्कीममध्ये ‘पाइपलाइन येणार आहे’ हे वाक्य ऐकू येतं. ती आज नाही असं धरून चाला.

आणि पूर. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडून नाग नदीकाठच्या वस्त्यांत पाणी घुसलं: अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी. चांगल्या, महागड्या वस्त्या आहेत या. तळमजला बघत असाल तर चौकीदाराला आणि समोरच्या किराणावाल्याला विचारा की पाणी कुठवर आलं होतं. ब्रोकर सांगणार नाही. उत्तरेला कोराडी-खापरखेड्याची औष्णिक केंद्रं आणि पूर्वेला भांडेवाडीचं डम्पिंग यार्ड आहे. त्या बाजूची घरं संध्याकाळी, वारा असताना बघा.

किराया करार, आणि प्लॉटचा मोह

अकरा महिन्यांचा करार नोटरीवर उरकण्याची पद्धत अजून आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृतच हवा, नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. ती ऑनलाइन होते. पत्त्याचा पुरावा, गॅस, शाळा, सगळीकडे हाच कागद लागतो.

पहिलं वर्ष काही विकत घेऊ नका. पुण्यातल्या पार्किंगच्या पैशात प्लॉट, असं कुणीतरी सांगणारच. नागपुरात प्लॉटची किंमत जागेइतकीच कागदावर ठरते. खसरा (सर्व्हे) नंबर आणि मौजा (गाव) घ्या, सातबारा किंवा आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) स्वतः काढा. मग विचारा: नासुप्रचं (नागपूर सुधार प्रन्यासचं) आरएल, म्हणजे रिलीज लेटर, प्लॉट नियमित झाल्याचं पत्र, मिळालं आहे की नुसती डिमांड, म्हणजे त्यासाठी मागितलेलं शुल्क, भरली आहे? गुंठेवारीतला, म्हणजे मंजुरीशिवाय पाडलेला, प्लॉट असेल तर नियमितीकरण पूर्ण झालं का? शहराबाहेर असेल तर एनएमआरडीएची (नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची) मंजुरी कुठे आहे? ‘एनए-टीपी’ (बिगरशेती आणि नगररचना मंजुरी) असं फलकावर लिहिलेलं असतं, आदेशाची प्रत मागितली की विषय बदलतो. ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवरच्या नव्या लेआउटला महारेरा नोंदणी लागते. नंबर साइटवर टाकून तपासा.

वेळ कोणती

बघायला मेच्या शेवटच्या आठवड्यात या, आठ-दहा दिवस. हॉटेलात नको, ज्या भागात राहायचं तिथे किरायाचं घर घ्या, शक्यतो कुलरवालं. ऑफिसच्या वेळेला जा-ये करा, मुलाला घेऊन बालरोगतज्ज्ञाकडे एक चक्कर मारा. ऑगस्टमध्ये दोन दिवस पुन्हा या, रस्ते आणि गळती तेव्हा दिसतात. हिवाळी अधिवेशनाच्या दिवसांत सिव्हिल लाइन्स-बर्डीकडे घरं बघू नका, बंदोबस्तातच दिवस जाईल.

सामान हलवण्याची तारीख शाळेवर ठरते. सीबीएसईचं वर्ष एप्रिलला सुरू होतं, राज्य मंडळाच्या विदर्भातल्या शाळा उन्हामुळे जूनअखेर उघडतात. सीबीएसई असेल तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात या आणि कुलरची खरेदी त्याच आठवड्यात उरका. पारा चढला की कुलर महागतात आणि बसवणारा माणूस आठवडाभर सापडत नाही. राज्य मंडळ असेल तर जूनचा दुसरा पंधरवडा बरा, मात्र ट्रकवर ताडपत्री नीट बांधली आहे ना ते स्वतः बघा. गाडी महाराष्ट्रातलीच असल्याने एमएच-१२ चं एमएच-३१ करावं लागत नाही, पण आरसीवरचा पत्ता ३० दिवसांत बदलून घ्या आणि विम्यातही तोच टाका.